शिंपल्यांतून येणारी कावीळ

ओहोटीला ठाण्याच्या खाडीत कोळी महिला शिंपल्या वेचतात. शिंपली पाणी गाळूनच पोट भरते. त्या पाण्यात प्रक्रियेविना सांडपाणी मिसळले, तर हिपॅटायटिस-ए या काविळीचे विषाणू तिच्या अंगात साठतात. १९८८ मध्ये चीनमधील शांघाय शहरात अशा अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोक आजारी पडले.

सांडपाणी प्रकल्पात गाळ खाली बसतो, जिवाणू मैला खातात आणि पाणी नितळ दिसू लागते. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे! शेवटच्या क्लोरीनच्या टाकीचा हिशेब मात्र (उद्घाटनाचे फोटो छापून आल्यावर) कोणी विचारत नाही.

घरी शिंपल्या उघडताच भांडे उतरवू नये. आणखी ५ मिनिटे उकळू द्यावे.