बोटीवरची शेगडी : दुरुस्त करायची की बदलायची?



१ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो. बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात. इंजिन खोलणं, जाळी दुरुस्त करणं, रंग काढणं ही कामं घरची पुरुष मंडळी आणि खलाशी करतात. नारळी पौर्णिमेच्या आधी सगळं तयार पाहिजे म्हणून धावपळ असते. या धावपळीत एक वस्तू कोणीच उघडून बघत नाही, आणि ती वस्तू बहुतेक वेळा आपल्याच स्वयंपाकघरातून तिकडे गेलेली असते. ती म्हणजे गॅसची शेगडी.

आठवून बघा. घरात नवी शेगडी आली की जुनीचं काय होतं? "राहू दे, बोटीवर चालेल." हर्णै असो, मिरकरवाडा असो की मालवण, सगळीकडे हीच रीत. बटण घट्ट झालेलं, एक बर्नर पिवळा जळणारा, पाय तुटलेला, असली शेगडी आपण बोटीवर पाठवतो. घरी भात शिजायला वेळ लागतो म्हणून जी नको झाली, ती आठ-दहा दिवस समुद्रात सहा-सात माणसांचं जेवण करते. खरं तर हे उलटं व्हायला हवं. चांगली शेगडी बोटीवर आणि जुनी घरी, असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण पुढचं वाचा आणि मग ठरवा.

गॅस खाली बसतो

आपल्या सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, साधारण दीड ते दोन पट. म्हणून तो गळला की धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. घरात गळला तर दाराच्या फटीतून, मोरीतून थोडा तरी बाहेर पडतो. दार-खिडकी उघडली की वाऱ्याने निघूनही जातो. बोटीला मात्र खाली फट नसते. असून कसं चालेल, बोट बुडेल की! बोट म्हणजे एक मोठं पातेलं आहे असं समजा. शेगडीतून गळलेला गॅस फळ्यांच्या खाली, बोटीच्या तळाशी जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. वर उभ्या माणसाच्या नाकापर्यंत वास येईलच असं नाही. त्यात तळाला डिझेलचा आणि मासळीचा वास आधीच असतो. गॅस कळावा म्हणून कंपनी त्यात मुद्दाम उग्र वास घालते, पण या सगळ्या वासांत तो हरवतो.

आणि थोडा गॅसही पुरतो. सिलिंडरमध्ये तो पातळ द्रवाच्या रूपात असतो. बाहेर आल्यावर एका लिटरचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. हवेत शंभरात दोन भाग गॅस मिसळला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. आता बोटीवर ठिणगी कुठे असते ते बघा. इंजिनाचा सेल्फ, बॅटरीची तार, पाणी काढायच्या पंपाचं बटण, सगळं तळाशीच. पहाटे उठून कोणी इंजिन चालू करतो. रात्री शेगडीचं बटण जरासं उघडं राहिलं होतं, हे त्याला ठाऊक नसतं.

शेगडी उलटी करून बघा

बोटीवरची शेगडी या दोन महिन्यांत घरी आणा. नाहीतर ती शाकारलेल्या बोटीत दमट हवेत पडून अजून सडते. घरी आणल्यावर आधी धुऊ नका. आधी उलटी करा आणि उजेडात बघा. वरून घासलेली, चकचकीत शेगडीही खालून संपलेली असू शकते.

पोटात आडवी लोखंडी नळी दिसेल. तिच्यातून गॅस प्रत्येक बटणापर्यंत जातो. मिठाच्या हवेने सगळ्यात आधी हीच गंजते, विशेषतः बटणाचा कॉक जिथे तिच्यात फिरवून बसवलेला असतो तिथे. चमच्याच्या टोकाने खरवडून बघा. वरचा तांबूस थर निघून खाली घट्ट लोखंड लागलं तर ठीक. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील, तर शेगडी संपली. तिथे एम-सील लावणं, साबण चोपडणं, चिकटपट्टी गुंडाळणं असले उपाय करू नका. बोट लाटेवर दिवसभर थरथरते, शेगडी हादरते, आणि असलं लिंपण सुटतं.

मग कॉक बघा. तो पितळेचा असतो, त्याचा आतला भाग निमुळता आणि ग्रीसवर फिरणारा असतो. बटण घट्ट झालं म्हणजे ते ग्रीस सुकलं. पुष्कळ घरांत त्यात खोबरेल तेल किंवा इंजिनाचं ऑइल सोडतात. चार दिवस बटण मऊ फिरतं खरं, पण गॅस ते तेल विरघळवून टाकतो आणि कॉक आतून गळायला लागतो. गॅससाठी वेगळं ग्रीस मिळतं, गॅस दुरुस्तीवाल्याकडे असतं. कॉक साफ करून, नवं ग्रीस घालून बसवणं हे त्याचंच काम आहे. नळी चांगली असेल तर कॉक बदलूनही मिळतो.

बर्नर पितळेचा असेल तर सहसा टिकतो. लिंबाच्या किंवा चिंचेच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी घासा, भोकं काडीने मोकळी करा आणि पूर्ण सुकवा. बर्नरच्या खाली जी नळी असते ती ॲल्युमिनियमची असली तर पांढरी भुकटी धरून झिजते. तिला भोक दिसलं की टाकून द्या. त्याहून आत एक बारीक पितळी तुकडा असतो, त्याला जेट म्हणतात. त्याच्या भोकातून गॅस मोजून बाहेर येतो. ते भोक बुजलं म्हणून जाड सुईने उकरायचं नाही. भोक मोठं झालं की गॅस जास्त येतो, हवा कमी पडते आणि ज्योत पिवळी होते. जेट स्वस्त असतो. नवाच टाका.

पिवळ्या ज्योतीबद्दल थोडं जास्त सांगते. आपण म्हणतो, भांडं काळं होतं, एवढंच ना. तेवढंच नाही. ज्योत पिवळी असते तेव्हा गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस-वारा आहे म्हणून केबिनची दारं लावून आत शेगडी पेटवली, किंवा थंडीत ऊब यावी म्हणून चालू ठेवली, तर आधी डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते. माणसाला वाटतं दमलोय, आणि तो झोपतो. म्हणून स्वयंपाक चालू असताना एक दार उघडं पाहिजेच, ज्योत निळी असली तरी.

नळीला कंजुषी नको

शेगडी दुरुस्त करा नाहीतर बदला, रबरी नळी मात्र नवीच घ्या. तारेचा थर असलेली नारिंगी सुरक्षा नळी दोनशे रुपयांच्या आसपास मिळते. तिच्यावर तयार केल्याची तारीख छापलेली असते आणि घरात ती पाच वर्षांत बदलायची असते. बोटीवर पाच वर्षं धरू नका. खारी हवा, ऊन, डिझेलचे शिंतोडे आणि बोटीवरचे उंदीर हे सगळं तिच्या मागे लागलेलं असतं. माझ्या मते दोन हंगाम झाले की बदलावी. बागेला पाणी घालायचा पाईप कापून गॅसला लावलेलाही दिसतो. तो गॅसने कडक होऊन तडकतो.

नळी जोडल्यावर साबणाचा फेस करा. शेगडीची बटणं बंद ठेवा, रेग्युलेटर चालू करा आणि फेस नळीच्या दोन्ही टोकांना, कॉकला, रेग्युलेटरला लावा. बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून तपासायचं नाही. ही तपासणी घरी एकदा आणि बोटीवर बसवल्यावर पुन्हा एकदा करायची, कारण नेताना जोड हलतात.

मग दुरुस्ती की नवी?

आतली लोखंडी नळी धड असेल, सांगाडा डुगडुगत नसेल, आणि काम फक्त जेट, ग्रीस, बर्नर आणि एखाद्या कॉकचं असेल, तर दुरुस्त करा. नळी सडली असेल, सांगाड्याचा पत्रा बोटाने दबत असेल, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्या शेगडीच्या निम्म्यावर जात असेल, तर नवी घ्या. दोन बर्नरची साधी स्टीलची शेगडी दोन-अडीच हजारांपासून मिळते. काचेची बोटीवर नकोच, एका हेलकाव्यात टोप पडला की तडकते. आपोआप पेटणारीही नको, खाऱ्या हवेत तिचा खटका लवकर बिघडतो. जाड स्टीलचा सांगाडा, पितळी बर्नर आणि आयएसआय खूण, एवढं बघा.

पैशाचं म्हणाल तर ही रक्कम गटाच्या अंतर्गत कर्जातून सहज निघते. लग्नाला, बियाण्याला, आजारपणाला आपण कर्ज देतोच. हंगाम सुरू झाल्यावर मासळीच्या पैशातून दोन-तीन हप्त्यांत फिटेल असं हे कर्ज आहे. मागणीअर्जात 'बोटीची शेगडी' असं स्पष्ट लिहा, लाजू नका. बैठकीत चार जणींच्या शेगड्या निघाल्या तर गॅस दुरुस्तीवाल्याला एकाच दिवशी गावात बोलवा. त्याचा येण्या-जाण्याचा खर्च वाटला जातो आणि काम आपल्या डोळ्यांसमोर होतं.

सिलिंडरचंही बघायला हवं. घरचा लाल सिलिंडर बोटीवर नेणं नियमात बसत नाही, कारण तो घरगुती वापरासाठीच दिलेला असतो. ५ किलोचा छोटा फ्री ट्रेड सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, मोठ्या बोटीला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेता येतो. ५ किलोत एक बर्नर साधारण २५ ते ३० तास चालतो, त्यावरून किती लागतील ते काढा. एक मात्र सांभाळा. हॉटेलच्या भट्टीला जो जोराचा, फिरवून कमी-जास्त करायचा रेग्युलेटर लावतात, तो घरगुती शेगडीला लावायचा नाही. तिचे कॉक आणि जेट कमी दाबासाठी केलेले असतात. सिलिंडर घेतानाच, ही शेगडी आहे, हिला चालेल असा रेग्युलेटर द्या, असं एजन्सीत सांगा.

बोटीवर बसवताना

सिलिंडर केबिनमध्ये किंवा इंजिनाजवळ ठेवू नये. वर डेकवर, उभा, दोरीने पक्का बांधून ठेवावा. आडवा पडला तर गॅसऐवजी पातळ द्रवच नळीत येतो आणि ज्योत एकदम उसळते. उन्हापावसासाठी लाकडी खोकं केलं तर त्याच्या तळाच्या कडेला भोकं ठेवा आणि ती डेकवर, समुद्राच्या बाजूला उघडू द्या. म्हणजे गळलेला गॅस बाहेर वाहून जाईल, बोटीच्या पोटात उतरणार नाही.

शेगडी फळीवर नुसती ठेवू नका, बोल्टने आवळा. वर लोखंडी सळीचं कडं करून घ्या, म्हणजे बोट कलली तरी टोप घसरणार नाही. हे काम गावातला वेल्डर तासाभरात करतो. पूर्वी बोटीवर मातीची चूल वाळूच्या खोक्यात बसवायचे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. वाळूची एक बादली आजही शेगडीजवळ असू द्या, तेल पेटलं तर कामाला येते. डिझेलचा कॅन आणि जाळी तिथून लांब ठेवा.

जेवण करणारा खलाशी कोण आहे त्याला हे सगळं आपण समजावून द्यायचं. शेगडी बंद करताना आधी रेग्युलेटर बंद, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, मग बटण बंद. सकाळी इंजिन चालू करण्याआधी झाकण उघडून तळाशी वाकून वास घ्यायचा. वास आला तर इंजिन, दिवा, पंप, मोबाइल कशालाच हात लावायचा नाही, विडी तर नाहीच. सिलिंडर बंद करायचा, सगळी झाकणं-दारं उघडायची, माणसांनी वर डेकवर यायचं आणि वारा खेळू द्यायचा. गॅस पाण्यासारखा तळाशी असतो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीने उपसून बाहेर ओतल्यासारखं केलं तरी तो कमी होतो. वास पूर्ण गेल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, मासळी मिळो न मिळो.

किनाऱ्यावर गॅस गळला तर १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. हे दोन्ही आकडे केबिनच्या आतल्या फळीवर ऑइलपेंटने मोठे लिहून घ्या, आणि त्यांच्या खाली नळी कधी बदलली ते महिना आणि वर्ष.