एकच व्यवहार, दोन नोंदी

एका देशाने दुसऱ्यास केलेली निर्यात आणि त्या दुसऱ्या देशाने नोंदविलेली आयात या वस्तुतः एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत. तथापि दोन्ही देशांचे आकडे क्वचितच जुळतात. वनौषधींचा व्यापारही यास अपवाद नाही. हा केवळ अर्थशास्त्रज्ञांचा विषय आहे, असे मानून वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी त्याकडे दुर्लक्ष करणे हितावह नव्हे.

या तफावतीची अनेक कारणे निर्दोष असतात. निर्यातीचे मूल्य माल जहाजात चढेपर्यंतचे धरतात. आयातीच्या मूल्यात भाडे व विमाही मिळविला जातो. आपले आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर नेपाळचे श्रावणात, म्हणजे जुलैच्या मध्यास. सिंगापूर वा दुबईमार्गे गेलेला माल एका वहीत त्या बंदराच्या नावे, तर दुसरीत मूळ देशाच्या नावे लागू शकतो. वर्गीकरणाचेही तसेच. १९८८ पासून अमलात असलेल्या एचएस पद्धतीत किरकोळ विक्रीसाठी बांधलेले औषध ३००४ या शीर्षकाखाली येते. तेच चूर्ण आहारपूरक मानणाऱ्या देशात मात्र २१०६ खाली नोंदले जाऊ शकते.

काही कारणे मात्र निर्दोष नसतात. जगदीश भगवती यांनी १९६४ मध्ये तुर्कस्तानच्या आयातीचे आकडे भागीदार देशांच्या निर्यातीशी ताडून, कमी किमतीच्या बिलांचा माग काढला. रेमंड फिसमन व शांग-जिन वेई यांनी २००४ मध्ये हाँगकाँग व चीन यांच्या नोंदी तपासल्या. ज्या वस्तूवर कर अधिक, तिच्या आकड्यांत तफावतही अधिक, असे त्यांस आढळले.

आपल्या दृष्टीने जटामांसीचे उदाहरण बोधप्रद आहे. हिमालयाच्या उंच उतारांवरून मुळांसकट खणली जाणारी ही वनस्पती १९९७ पासून साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तिच्या निर्यातीस परवाना लागतो. परंतु निर्यातदार देश पुष्कळदा परवान्यावरील परिमाण कळवितो, प्रत्यक्ष रवाना झालेले नव्हे. शिवाय एचएसच्या सहा अंकी पातळीवर तिला स्वतंत्र स्थान नाही. १२११९० या ‘इतर’ वनस्पतींच्या गटात ती असंख्य मुळ्या-पानांसह मिसळून जाते. तिचे तेल काढले की ते ३३०१ मध्ये जाते. नेपाळगंजसारख्या बाजारपेठेतून खुल्या सीमेवरून येणारा जो माल नोंदविलाच जात नाही, तो तर दोन्ही वह्यांबाहेर राहतो.

येथे एक कसोटी उपयोगी पडते. रुपयांतील फरक भाडे व विम्याने काही अंशी उलगडतो. किलोंतील फरक तसा उलगडत नाही, कारण वजनास विमा चढत नाही. किती जटामांसी खणली गेली हेच ठाऊक नसेल, तर किती शिल्लक ठेवावी हे कोण ठरविणार? आणि माल दुर्मीळ झाला की भेसळ फार दूर नसते.

२०१७ पासून जीएसटीच्या बिलांवरही याच पद्धतीवर आधारलेले वर्गीकरण क्रमांक लिहिले जातात. म्हणजे नोंदीचा एक धागा आपल्या हाती आहेच. फार्मसीचालकांनी खरेदीच्या बिलावर केवळ ‘जडीबुटी’ अशी मोघम नोंद स्वीकारू नये. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, वजन व उगमस्थान यांचा आग्रह धरावा; आयात माल असल्यास परवान्याची प्रत मागावी. दोन देशांच्या वह्या जुळविणे आपल्या हाती नाही; आपली वही खरी ठेवणे निश्चितच आहे.