शाळेतून बोलावणं आलंय? वही घेऊन जा!

"तुमच्या मुलाबद्दल बोलायचंय, येऊन जा," असा निरोप शाळेतून आला की पोटात गोळा येतो. मग आपण काय करतो? 'ह्यां'ना रजा मिळत नाही म्हणून एकट्याच जातो, बाई सांगतील त्याला मान डोलावतो आणि घरी येऊन रडत बसतो. पिंपळनेर काय आणि पुणं काय, चित्र बहुधा हेच!

पण मूल वाचनात फार मागे असेल, त्याला कमी ऐकू येत असेल, बुद्धीची वाढ संथ असेल, तर ही बैठक त्याचं पुढचं वर्ष ठरवते. तिथे त्याचा 'वैयक्तिक शैक्षणिक आराखडा' व्हायला हवा. म्हणजे या एका मुलाला काय, कसं आणि कधीपर्यंत शिकवायचं, ते कागदावर. तो कागद झाला नाही तर मूल मागच्या बाकावर बसून वरच्या वर्गात ढकललं जातं. त्याला कुणी मारत नाही, रागावत नाही आणि शिकवतही नाही.

तेव्हा आठ दिवस आधी एक वही घाला. 'मंद आहे', 'लक्षच नाही' असलं काही तिच्यात लिहायचं नाही. डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं. 'वाण्याकडून पन्नासाच्या नोटेचे उरलेले पैसे बरोबर आणतो, पुस्तकातली वजाबाकी मात्र येत नाही.' 'ऐकलेली गोष्ट सगळी सांगतो. तीच वाचायला दिली की दुसऱ्या ओळीला डोळे चोळतो.' 'घ आणि ध यांत गोंधळ.' वर्गातल्या गर्दीत बाईंना हे दिसेलच असं नाही. जमणाऱ्या गोष्टी आधी लिहा बरं का! सुटे पैसे मोजणाऱ्या मुलाला वजाबाकी नाण्यांवरून शिकवता येते, हे तिथूनच सुचतं.

आपल्या साक्री तालुक्यात आणखी एक भानगड. घरात अहिराणी, पाड्यांवर कोकणी नाहीतर भिली, आणि शाळेत पुस्तकी मराठी. घरी 'आठे ये' म्हटल्यावर धावत येणारं पोर वर्गात 'इकडे ये' ऐकून गप्प उभं राहिलं, तर दोष डोक्याचा की भाषेचा? घरच्या बोलीत सांगितलेलं त्याला किती कळतं, ते वहीत वेगळं लिहा. आणि बैठकीत तुम्हाला स्वतःलाही अहिराणीतच नीट बोलता येत असेल तर खुशाल अहिराणीत बोला.

डोळे आणि कान मात्र आधीच तपासून घ्या. फळा दिसत नाही म्हणून 'ढ' ठरलेली मुलं काही थोडीथोडकी नाहीत! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक शाळेत येतं. त्यांचा कागद मिळाला असेल तर तोही वहीत ठेवा.

बैठकीला वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक असतातच. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही बोलवावं, अशी विनंती आधीच लेखी द्या. ही मेहेरबानी नव्हे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, वाचन-लेखनाच्या अडचणीचं त्यात नावही नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार २१ झाले आणि अध्ययन अक्षमता त्यांत आली. ती लवकर ओळखून योग्य रीतीनं शिकवणं, प्रत्येक दिव्यांग मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवणं, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्या कायद्यात आहे.

"दाखला आणा, मग बघू," असं उत्तर मिळालं तर? परीक्षेतल्या सवलतींना दाखला लागतो, हे खरं. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी लागते. धुळ्याला जायचं झालं तर कोणत्या वारी कोणते डॉक्टर बसतात ते फोनवर विचारूनच निघा, नाहीतर भाडं आणि दिवस दोन्ही वाया. पण पुढच्या बाकावर बसवायला, तोंडी उत्तर घ्यायला, फळ्यावरचं मोठ्या अक्षरात लिहून द्यायला कसला आलाय दाखला? ते उद्यापासून सुरू करा, असं सौम्यपणे पण ठामपणे म्हणा.

आता त्या कागदाविषयी. 'मराठी सुधारेल' असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी थांबा. सुधारेल म्हणजे किती? कोण सुधारणार? त्याऐवजी असं हवं : 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत जोडाक्षरं नसलेली पाच वाक्यं स्वतः वाचेल. मधल्या सुट्टीआधी रोज दहा मिनिटं वर्गशिक्षक वाचून घेतील. घरी आई रोज एक पान ऐकेल.' घरचं काम आपल्याला झेपेल तेवढंच कबूल करा. स्वयंपाक, पाणी, धाकटं मूल सांभाळून तासभर अभ्यास घेईन म्हणाल आणि चौथ्या दिवशी थकाल. पुढच्या भेटीची तारीख तिथेच घाला. कागदाची प्रत मागा. ती मिळायला उशीर होणार असेल तर मोबाईलवर फोटो काढून घ्या.

जमलं तर घरातलं एक माणूस बरोबर न्या. सासूबाई आल्या तरी चालेल. उलट चांगलंच, कारण "हिच्या लाडानं बिघडला" हे त्यांचं मत बदलायला शाळेसारखी दुसरी जागा नाही!

आणि हो, आदल्या रात्री मुलालाही विचारा : शाळेत कोणता तास आवडतो, कशाची भीती वाटते? 'उभं राहून मोठ्यानं वाचायला लावतात त्याची,' असं एखादं उत्तर येईल. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बैठकीत बोलायला तिथूनच सुरुवात करा.