फलकावर नसलेली नावं

मोठ्या कामाच्या फलकावर मुख्य कंत्राटदाराचं एकच नाव असतं. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने समृद्धी महामार्गाचं ७०१ किलोमीटरचं काम १६ पॅकेजमध्ये वाटलं. त्यातलं १४ वं पॅकेज नाशिक जिल्ह्यातल्या पिंपरी सदरोद्दीनपासून शहापूर तालुक्यातल्या वशाळ्यापर्यंतचं, आणि ते अॅफकॉन्सकडे होतं. सह्याद्री पोखरून जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदा याच तुकड्यात येतो. त्याची रुंदी साडेसतरा मीटरहून थोडी अधिक आहे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा भाग खुला झाला आणि नागपूर-मुंबई रस्ता पूर्ण जोडला गेला.

असा बोगदा एकटी कंपनी करत नाही. छिद्रं पाडणं आणि सुरुंग, फुटलेला दगड डंपरने बाहेर नेणं, शॉटक्रीट, रॉक बोल्ट, पाणी अडवणारा पडदा, लोखंड बांधणं, अस्तराचं काँक्रीट, वायुवीजन, वीज, आगीपासून संरक्षण, यातलं प्रत्येक काम वेगळ्या हातात जाऊ शकतं. मुख्य कंत्राटदार उपकंत्राटदाराला वर्क ऑर्डर देतो, उपकंत्राटदार त्यातला तुकडा पेटी कंत्राटदाराला देतो, पेटी कंत्राटदार मुकादमाला बोलावतो आणि मुकादम गावाकडून माणसं आणतो. मुख्य कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये या साखळीची पहिली कडी पक्की असते, दुसरी अर्धवट. त्याखाली मुकादमाची वही असते.

साखळीचं सगळं भांडण मोजमापाशी सुरू होतं. लोखंड बांधणाऱ्या फिटरच्या टोळीचंच पाहा. तिचा दर टनावर ठरतो. टन मात्र काट्यावर मोजत नाहीत. नकाशावरून बार बेंडिंग शेड्यूल तयार होतं आणि त्यातल्या लांबीवरून वजन काढतात. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो. पंचवीस मिलिमीटरची सळई मीटरला ३.८५८ किलो भरते. हे सूत्र टोळीतल्या जुन्या माणसाला तोंडपाठ असतं. प्रश्न शेड्यूलमध्ये न आलेल्या लोखंडाचा असतो. वरची जाळी उचलून धरणारे ‘चेअर’, आयत्या वेळी वाढवलेला लॅप, डिझाइन बदलल्यामुळे सोडून पुन्हा बांधलेला पिंजरा यांचे पैसे कोणी द्यायचे? इंजिनिअर तोंडी ‘करून टाका, बघू’ म्हणतो. दोन महिन्यांनी तो दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि बिलाच्या वेळी ते काम कुठेच लिहिलेलं नसतं.

आरए बिल म्हणजे चालू बिल. आजवर झालेल्या एकूण कामातून मागच्या बिलापर्यंतचं काम वजा करायचं आणि उरलेल्याचे पैसे द्यायचे. मग कपाती सुरू होतात. दिलेली उचल, ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाया गेलेलं सिमेंट-लोखंड, कंपनीचं डिझेल आणि क्रेन वापरल्याचा डेबिट, बहुधा पाच टक्के रिटेन्शन, १ किंवा २ टक्के टीडीएस. पेटी कंत्राटदाराला हातात आलेला आकडा कळतो, पण तो तिथवर कसा आला ते पुष्कळदा कळत नाही. तरी शनिवारी टोळीला खर्ची वाटावीच लागते. बिल अडकलं तर तो व्याजाने पैसे उचलतो, नाहीतर टोळी रातोरात दुसऱ्या साइटवर निघून जाते. काम रखडण्याचं हे कारण प्रगती अहवालात ‘मनुष्यबळाची कमतरता’ एवढ्याच शब्दांत उतरतं.

सॉफ्टवेअरची खरी कामगिरी इथेच आहे. वर्क ऑर्डरमधली प्रत्येक बाब, तिचा दर आणि परिमाणाची मर्यादा आधी भरलेली असते. मंजूर मोजमापाशिवाय बिल पुढे सरकत नाही, आणि मर्यादा ओलांडली तर सुधारित ऑर्डर काढावी लागते. मागच्या महिन्याचं पीएफ चलन आणि वेतनपत्रक जोडलं नसेल तर बिल थांबतं. स्टोअरमधून उचललेलं लोखंड आणि मोजमापात बसलेलं लोखंड आपोआप ताडून पाहिलं जातं. वेळापत्रक बहुतेक मोठ्या कंपन्या प्रायमाव्हेरात ठेवतात आणि हिशेब सॅपसारख्या प्रणालीत. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे उपकंत्राटाची नोंद.

या जोडणीचा महाराष्ट्रातला मोठा प्रयोग नागपूर मेट्रोने केला. महामेट्रोने तिथे पाच मितींची ‘बिम’ पद्धत वापरली. त्रिमितीय प्रतिकृती, तिला जोडलेला वेळ आणि पाचवी मिती खर्चाची. खांब, गर्डर, जिना अशा प्रत्येक घटकाला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तो कधी व्हायला हवा होता, कधी झाला आणि त्यावर किती पैसे गेले हे एकाच जागी दिसू शकतं. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी पूर्ण खुला झाला. समृद्धीचा नागपूर-शिर्डी भागही त्याच दिवशी. नाशिकच्या मेट्रोचा आराखडा याच महामेट्रोचा. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली, काम मात्र रखडलं. तो अनुभव नाशिकला मिळाला असता तर इथल्या ठेकेदारांची एक पिढी त्यावर तयार झाली असती, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पण पाचव्या मितीतही माणूस दिसत नाही. घटक पूर्ण झाला की रंग बदलतो. तो कोणाच्या टोळीने केला, त्या टोळीला पैसे पोचले का, हे त्या रंगातून कळत नाही. मला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते, कारण ती जिवावर बेतते. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तरकाशीजवळ सिलक्यारा बोगदा ढासळला. आत ४० कामगार आहेत असं सांगितलं गेलं. आठवडा होत आला तेव्हा कळलं की ते ४१ आहेत. सुदैवाने २८ नोव्हेंबरला सगळे सुखरूप बाहेर आले. त्याआधी त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री, समृद्धीच्याच कामावर, शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर लाँचर कोसळला आणि २० जण गेले. कोणी तमिळनाडूचे, कोणी बिहारचे, कोणी उत्तर प्रदेशचे. आत कोण आहे, कोणाच्या हाताखाली आहे, त्याच्या घरचा फोन कोणता, हे कंपनीच्या गेटवरच्या यंत्रात असलं पाहिजे आणि ते दर पाळीला बदललं पाहिजे. बोगद्याच्या तोंडाशी टोकन टांगायचा जुना फळा हेच काम करत आला आहे. मोबाइलवरच्या हजेरीने त्याची जागा घ्यायची तर आत नेटवर्क नसतानाही ती चालायला हवी.

कायद्याची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्याने सांगितलं की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती मूळ मालकाने द्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही ही जबाबदारी कायम आहे. म्हणजे चौथ्या कडीवरच्या मजुराचा हिशेब ठेवणं हे वरच्या कंपनीचं कर्तव्यच आहे. तरीही बहुतेक प्रणाली खालच्याकडून माहिती घेण्यासाठी बांधलेल्या असतात, त्याला परत काही देण्यासाठी नाही. आज मोजलेलं काम पेटी कंत्राटदाराला आजच, त्याच्या भाषेत, मोबाइलवर दिसलं आणि हरकत नोंदवायला तीन दिवस मिळाले, तर ‘करून टाका, बघू’वाली निम्मी भांडणं उगवणारच नाहीत असं माझं मत आहे. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. कंपनीने आपली वही समोरच्याला उघडून दाखवायची तयारी हवी.

नाशिकला ही तयारी आत्ताच लागणार आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. पंचांगाने ठरवलेल्या या तारखांना मुदतवाढ नाही. रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण अशी कामं एकाच वेळी चालायची आणि प्रत्येकाचा मुख्य कंत्राटदार वेगळा. खालच्या टोळ्या मात्र त्याच. सेंटरिंगची एकच टोळी तीन साइटवरच्या वेळापत्रकांत मनुष्यबळ म्हणून धरलेली असू शकते, आणि प्रत्येक प्रकल्पाचं सॉफ्टवेअर आपापल्या कुंपणाच्या आतच पाहतं. शिवाय इथल्या मजुरीला शेतीचा ऋतू आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकची माणसं पावसाळ्यात भातलावणीला घरी जातात आणि ऑक्टोबरमध्ये दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला. ज्या नियोजकाने हे वेळापत्रकात मांडलं नाही, त्याचा आलेख पहिल्याच पावसात चुकतो. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळ्या कंत्राटदारांची उपकंत्राटांची नोंद एकत्र ठेवली, तर कुठली टोळी कुठे दुहेरी धरली आहे हे काम अडण्याआधी कळेल.

आणि मजुरासाठी त्या नोंदीचा सर्वांत साधा उपयोग कल्याणकारी मंडळात आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायला मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार मुकादमांकडे पंचवीस-पंचवीस दिवस राबलेल्या माणसाचे शंभर दिवस होतात, पण दाखला द्यायला चौघांपैकी कोणीच पुढे येत नाही. बांधकामाच्या खर्चावरचा एक टक्का उपकर याच माणसासाठी जमा होतो. गेटवरच्या यंत्रात त्याचा अंगठा रोज उमटतो. त्या हजेरीची बेरीज करून दाखला छापून देणारं बटण त्याच प्रणालीत बसवता येईल, आणि सिंहस्थाच्या निविदांच्या अटींत ते लिहून घ्यायला हवं.