रंग काढायचा तर कारण हवं

फोटो कृष्णधवल करणं आता बोटाच्या एका टिचकीवर आलंय, त्यामुळे ते बहुधा विचार न करताच होतं. जुना वाडा दिसला की कृष्णधवल, सुरकुतलेल्या आजीचा चेहरा दिसला की कृष्णधवल आणि भेगाळलेली जमीन दिसली की हमखास कृष्णधवल. विषय पाहून निर्णय घ्यायची ही सवय मला चुकीची वाटते. पाहायचं ते एवढंच, की त्या एका चौकटीत रंग काही काम करतोय का. करत असेल, तर तो काढल्यावर फोटोतली माहितीच जाते. नुसता बसून असेल, तर तो काढल्यावर आकार, पोत आणि उजेड मोकळा श्वास घेतात. हे पडताळून पाहायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. १७,०४८ चौरस किलोमीटरचा, राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यात कोसळणारा पाऊस आणि भातखाचरं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस आणि खाली कर्जत-जामखेडकडे उघडं माळरान.

अकोले तालुक्यातल्या रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरापासून सुरुवात करू. मंदिराचा दगड काळाकरडा, त्याला स्वतःचा म्हणावा असा रंग जवळजवळ नाही. खांबांवरची आणि भिंतींवरची नक्षी डोळ्यांना दिसते ती खोदकामात पडलेल्या सावलीमुळे. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी तिरपं ऊन भिंतीवरून घसरत असताना रंग काढला तर काहीच गमावत नाही, उलट छिन्नीचा प्रत्येक घाव ठळक होतो. पण तीच भिंत भर दुपारी टिपली तर सावलीच नाही, आणि सावली नाही तर कृष्णधवल फोटोत राखाडी ढेकळाशिवाय हाती काही लागत नाही. तेच मंदिर ऑगस्टमध्ये बघा. दगडावर शेवाळ चढलेलं, मागचा डोंगर हिरवागार. इथे हिरवा रंग हाच ऋतू आहे. तो काढला की पावसाळ्याचा पुरावाच गेला. मंदिर तेच, कोन तोच, उत्तर मात्र महिन्यागणिक वेगळं. एक सूचना जाता जाता: जुन्या वास्तूसमोर बांधलेली निळी ताडपत्री लपवण्यासाठी रंग काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ताडपत्री त्यानं जात नाही, ती राखाडी होऊन तिथेच राहते. दोन पावलं सरकून उभं राहणं हा तिच्यावरचा खरा इलाज.

रंग काढतो म्हणजे यंत्र नेमकं काय करतं, हे कळलं की निम्मे निर्णय सोपे होतात. डिजिटल फोटोतल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ मधले. रूपांतराच्या एका प्रचलित पद्धतीत लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के आणि निळ्याचे ११.४ टक्के घेऊन बेरीज करतात. आपला डोळा हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो म्हणून त्याचा वाटा मोठा. आता श्रीगोंद्यातल्या लिंबाच्या बागेसमोर लाल पटका बांधलेला शेतकरी उभा आहे असं समजा. पटक्याचे आकडे २००, ३०, ४० धरले तर बेरीज होते ८२. मागच्या पानांचे ६०, १०५, ३० धरले तर ८३. डोळ्याला एकमेकांवर उठून दिसणारे हे दोन रंग कृष्णधवलमध्ये सख्खे भाऊ होतात आणि पटका झाडीत विरघळतो. रंगातला विरोध आणि उजेडातला विरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृष्णधवल फोटो फक्त दुसऱ्यावर जगतो.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य हे याचं चालतंबोलतं उदाहरण. कर्जत तालुक्यातलं हे राखीव क्षेत्र १९८० मधलं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. प्रौढ नराची पाठ गडद, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि वर पिळदार शिंगं. निसर्गानं त्याला आधीच कृष्णधवल करून ठेवलंय. वाळक्या, फिकट गवतात तो उभा राहिला की रंग काढूनही त्याची रेषा तसूभर हलत नाही. मादीचं तसं नाही. ती फिकट तपकिरी. पावसाळ्यात हिरव्या गवतावर ती रंगामुळे चटकन ओळखू येते, पण गवताचा आणि तिच्या पाठीचा उजळपणा जवळपास सारखा असला, तर कृष्णधवलमध्ये कानांचा आणि पायांचा शोध घ्यावा लागतो. म्हणजे एकाच कळपातला नर एका पद्धतीला धार्जिणा आणि मादी दुसरीला.

चेहऱ्यांबद्दल कृष्णधवलची बाजू सर्वांत भक्कम आहे, आणि त्याला शिर्डीचा दाखला आहे. साईबाबांचं निर्वाण १९१८ चं. त्यांचे फोटो कृष्णधवल, आज घरोघरी दिसणारे रंग नंतरच्या हातांनी भरलेले. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये समाधी मंदिरात बसली, ती कृष्णधवल छायाचित्राच्या आधारानं केलेली. नाकाचा उंचवटा, गालाचा खळगा, कपाळाची गोलाई हे सगळं छायाप्रकाशात साठवलेलं असतं, रंगात नाही. शिल्पकाराला तेवढं पुरतं.

तरी इथेही कुंकू आडवं येतं. जुन्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून पणजीच्या फोटोत कुंकू काळा ठिपका होऊन बसलंय. आज उलट होऊ शकतं. त्वचेचे आकडे १५०, १००, ७५ असतील तर वरच्या पद्धतीनं कपाळ ११२ आणि पटक्याचाच लाल रंग असलेलं कुंकू ८२, म्हणजे ते गडद, ठीक दिसेल. पण चेहरा उजळ दिसावा म्हणून कुणी फक्त लाल आकडा वापरला, तर कपाळ १५० आणि कुंकू २००. कपाळावर पांढरट टिकली! रूपांतर करताना लाल-हिरव्याचा वाटा बदलणाऱ्या पट्ट्या सरकवून पटका झाडीतून वेगळा काढता येतो, असं जाणकार सांगतील, आणि ते खरंच आहे. पण एका ठिकाणी सरकवलेली पट्टी दुसऱ्या ठिकाणी असा हिशेब चुकता करते.

सर्वांत जोरदार आक्षेप वेगळा आहे. दुःख, दुष्काळ, कष्ट यांचं गांभीर्य रंगात उणावतं, असं अनेक चांगले छायाचित्रकारही मानतात. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एकाच मुलाचा चेहरा रघु राय यांनी कृष्णधवल टिपला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. रंगीत फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि दोन्ही फोटो आजही तितकेच असह्य आहेत. गांभीर्य रंगावर अवलंबून नाही, हे सिद्ध करायला एवढं पुरे. १९७२ च्या दुष्काळाचे फोटो आपल्या मनात कृष्णधवल आहेत, कारण तेव्हा वर्तमानपत्रं तशी छापली जात. छापखान्याची ती अडचण आपण दुष्काळाचा स्वभाव समजून बसलो.

अहिल्यानगरच्या दुष्काळाला मात्र रंग लागतो. कालव्याच्या एका अंगाला हिरवा ऊस आणि दुसऱ्या अंगाला तांबूस-करडं कोरडवाहू रान, ही इथली खरी बातमी आहे. पाणी कुणाला पोचलं आणि कुणाला नाही हे त्या दोन रंगांच्या सीमेवर लिहिलेलं असतं. टँकरपुढे लागलेली निळी पिंपं, गुरांच्या छावणीतल्या चाऱ्याचा हिरवेपणा किंवा पिवळेपणा, विहिरीच्या तळाचं शेवाळी पाणी, हे सगळे पुरावे आहेत. ते राखाडी करणं म्हणजे आजच्या प्रश्नाला जुनेपणाचा मुलामा देणं. अशा फोटोंचा रंग काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी फोटोंसाठी एक साधी सोय आहे. कॅमेरा रॉ फाइलवर ठेवून पडद्यावर कृष्णधवल दृश्य लावा. टिपताना उजेड आणि आकार दिसतील, रंगाचे आकडे मात्र फाइलमध्ये शाबूत राहतील. फक्त जेपेगवर कृष्णधवल टिपलं तर रंग कायमचा गेला. म्हणून घरी आल्यावर काय वाटेल ते करा, रंगीत मूळ फाइल पुसू नका.