विश्लेषण : ‘क्रिश ४’मध्ये मुखवटा कोणाच्या चेहऱ्यावर? चाहत्यांत दोन तट का पडले?

‘क्रिश ४’ येणार, अशी घोषणा राकेश रोशन यांनी २८ मार्च २०२५ रोजी केली आणि चाहत्यांमधला जुना वाद पुन्हा पेटला. क्रिश म्हणजे हृतिक रोशन, दुसरा कोणी चालणारच नाही, असे एका गटाचे म्हणणे. क्रिश म्हणजे तो काळा मुखवटा, आता तो नव्या पिढीकडे द्यावा, असे दुसऱ्या गटाचे. नट मोठा की पात्र, हा प्रश्न मात्र नवा नाही. अहमदनगरमध्ये (आताचे अहिल्यानगर) जन्मलेल्या एका नटाची कारकीर्द पाहिली, तर या वादाचे मूळ लक्षात येते.

नेमके काय जाहीर झाले?

‘क्रिश ४’चे दिग्दर्शन हृतिक रोशन करणार आहे. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. निर्मितीत राकेश रोशन यांच्यासोबत यशराज फिल्म्सचे आदित्य चोप्रा आहेत. राकेश रोशन यांनी जानेवारी २००० मध्ये ‘कहो ना... प्यार है’मधून मुलाला नायक म्हणून पडद्यावर आणले. पंचवीस वर्षांनी त्यांनीच त्याला दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसवले. हृतिकला हे काम अगदीच अनोळखी नाही. नायक होण्याआधी ‘करण अर्जुन’ (१९९५) आणि ‘कोयला’ (१९९७) या चित्रपटांसाठी त्याने वडिलांकडे सहायक म्हणून काम केले होते.

आकडा चार, मग ‘क्रिश २’ कुठे गेला?

हा प्रश्न अनेकांना पडतो. मालिकेची सुरुवात होते ती ८ ऑगस्ट २००३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘कोई... मिल गया’पासून. बौद्धिक वाढ खुंटलेला रोहित, त्याची आई आणि सूर्यप्रकाशावर जगणारा परग्रहवासी ‘जादू’ यांची ही गोष्ट. यात मुखवटा नव्हता आणि सुपरहीरोही नव्हता. २३ जून २००६ रोजी ‘क्रिश’ आला. त्यात रोहितचा मुलगा कृष्णा मोठा झाला आणि सर्कशीला लागलेल्या आगीतून मुलांना वाचवताना त्याने पहिल्यांदा मुखवटा चढवला. तिसरा चित्रपट १ नोव्हेंबर २०१३ रोजी, दिवाळीच्या तोंडावर आला. त्याला निर्मात्यांनी थेट ‘क्रिश ३’ म्हटले, कारण मोजणी रोहितपासून धरली होती.

ही मोजणीच बरेच काही सांगून जाते. निर्मात्यांच्या लेखी ही एका मुखवट्याची मालिका नाही, एका घराण्याची गोष्ट आहे. पहिल्या चित्रपटात रोहितच्या वडिलांची भूमिका स्वतः राकेश रोशन यांनी केली होती. पुढच्या दोन्ही चित्रपटांत रोहित आणि कृष्णा, म्हणजे बाप आणि मुलगा, दोघेही हृतिकनेच साकारले.

मग इतकी वर्षे का लागली?

मुख्य कारण पैसा. बजेट हाच मोठा अडथळा असल्याचे राकेश रोशन यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. सुपरहीरोचा चित्रपट म्हणजे व्हीएफएक्स आले. संगणकावर तयार होणाऱ्या या दृश्यांसाठी कलाकारांची मोठी फौज महिनोन् महिने राबते आणि त्याचा खर्च चित्रीकरण संपल्यावरही चालूच राहतो.

दुसरीकडे प्रेक्षकाची नजर बदलली. २०१३ ते २०१९ या काळात मार्व्हलचे चित्रपट भारतात घरोघर पोहोचले. एप्रिल २०१९ मध्ये ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ आला, तेव्हा लहान शहरांतल्या मुलांनाही आयर्न मॅन आणि थॅनोस तोंडपाठ होते. त्यांना जुन्या दर्जाची दृश्ये दाखवली तर ती हसतील, आणि हॉलीवूडची बरोबरी करायची तर खर्च आवाक्याबाहेर जातो. २०१९च्या सुरुवातीला राकेश रोशन यांच्यावर घशाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. पुढे करोनाची टाळेबंदी आली. वर्षे अशी निघून गेली.

चाहत्यांचे दोन तट कोणते?

पहिला तट हृतिकवाद्यांचा. त्यांचा मुद्दा असा की, क्रिशच्या उड्या दुसराही कोणी मारेल, पण रोहित कोण करणार? वर्गात पोरांची टिंगल सहन करणारा, कॉम्प्युटरसमोर हरखून जाणारा रोहित ही अभिनयाची कमाई होती. ‘कोई... मिल गया’साठी हृतिकला उत्कृष्ट अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि चित्रपटाला सामाजिक विषयावरील राष्ट्रीय पुरस्कार. क्रिशची ताकद रोहितच्या साधेपणातून येते, म्हणून चेहरा बदलला की नातेच तुटेल, असे या गटाला वाटते.

दुसरा तट वारसदारवाद्यांचा. हृतिकचा जन्म १० जानेवारी १९७४चा, म्हणजे त्याने पन्नाशी ओलांडली आहे. ‘क्रिश’ आला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. या गटाचे म्हणणे, कथेतच वाट तयार आहे. ‘क्रिश ३’च्या शेवटी कृष्णाला मुलगा होतो. रोहित ते कृष्णा हा वारसा चालला, तर कृष्णा ते त्याचा मुलगा हा का चालू नये?

याशिवाय तिसराही सूर आहे, तो ‘जादू’ला परत आणा म्हणणाऱ्यांचा. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘कोई... मिल गया’ला वीस वर्षे झाली, तेव्हा तो निवडक शहरांत पुन्हा प्रदर्शित करण्यात आला. या गटाला मारामारीपेक्षा ती उन्हाची, मैत्रीची गोष्ट हवी आहे.

नगरच्या शाहू मोडकांचा इथे काय संबंध?

क्रिश हे कृष्णा या नावाचेच छोटे रूप. आणि हिंदी-मराठी पडद्यावरचा कृष्ण म्हटले की जुन्या पिढीला आठवतात ते शाहू मोडक. २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३२च्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांनी बाळकृष्ण साकारला आणि पुढे सुमारे तीस चित्रपटांत ते कृष्ण झाले. ‘औट घटकेचा राजा’ (१९३३) या सुरुवातीच्या बोलपटात त्यांनी दुहेरी भूमिकाही केली. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) मोठेपणीचे ज्ञानेश्वर त्यांनीच केले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासे याच जिल्ह्यातले.

एकच नट पुनःपुन्हा कृष्ण झाला, म्हणून लोकांनी दुसऱ्याला नाकारले का? तसे झाले नाही. दक्षिणेत एन. टी. रामाराव यांचा कृष्ण लोकांनी डोक्यावर घेतला. १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत नितीश भारद्वाज कृष्ण झाले आणि पुढे रामानंद सागर यांच्या मालिकेत स्वप्नील जोशीने किशोर कृष्ण केला. प्रत्येक वेळी प्रेक्षकांनी नवा चेहरा स्वीकारला. कारण कृष्णाची गोष्ट घरात, कीर्तनात, गोकुळाष्टमीत आधीपासून होती. नट त्या गोष्टीत शिरत होता.

क्रिशचे नेमके उलटे आहे. त्याची ना पोथी, ना आधीपासूनचे चित्रकथांचे पुस्तक. तो जन्मला तोच हृतिकच्या चेहऱ्याने. वादाचे खरे मूळ इथे आहे.

हॉलीवूडने हा पेच कसा सोडवला?

तिथेही उत्तर कागदावरच सापडते. बॅटमॅन १९३९ मध्ये आणि स्पायडर-मॅन १९६२ मध्ये कॉमिक्समध्ये अवतरला. चित्रपट येईपर्यंत वाचकांच्या मनात पात्र पक्के झाले होते. त्यामुळे टोबी मॅग्वायर (२००२), अँड्र्यू गारफिल्ड (२०१२) आणि टॉम हॉलंड (२०१६) असे तीन स्पायडर-मॅन चौदा वर्षांत लोकांनी पाहिले. वाद झाले, तुलना झाली, पण पात्र टिकले.

‘ब्लॅक पँथर’पुढे वेगळाच प्रसंग उभा राहिला. नायक चॅडविक बोसमनचे ऑगस्ट २०२० मध्ये निधन झाले. निर्मात्यांनी त्याच्या जागी दुसरा नट उभा केला नाही. २०२२च्या पुढच्या भागात कथेतल्या राजाचाही मृत्यू दाखवला आणि मुखवटा त्याच्या बहिणीकडे गेला. म्हणजे मार्ग दोन : नट बदला आणि पात्र तेच ठेवा, किंवा पात्राचा वारस कथेतच घडवा. क्रिशसाठी पहिला मार्ग अवघड आहे. दुसऱ्याची तयारी मात्र आधीच्या चित्रपटांनीच करून ठेवली आहे. २००६च्या ‘क्रिश’मध्ये कृष्णा आपले श्रेय एका गरजू मित्राला घेऊ देतो, जेणेकरून बक्षिसाच्या पैशातून त्याच्या बहिणीवर उपचार व्हावेत. चांगले काम करणारा प्रत्येक जण क्रिशच, हा विचार ‘क्रिश ३’मध्येही येतो.

देशातल्या इतर सुपरहीरोंचे काय झाले?

केवळ पैसा ओतून सुपरहीरो घडत नाही, हे शाहरुख खानच्या ‘रा.वन’ने (२०११) दाखवले. तो आपल्या काळातला अतिशय महागडा हिंदी चित्रपट होता, पण पुढचा भाग आला नाही. मराठीत निखिल महाजन यांनी श्रेयस तळपदेला घेऊन ‘बाजी’ (२०१५) केला. मुखवटाधारी मराठी नायकाचा तो धाडसी प्रयोग होता. त्याचीही मालिका झाली नाही.

दक्षिणेत मात्र वेगळी वाट सापडली. मल्याळम ‘मिन्नल मुरली’त (२०२१) वीज अंगावर पडलेला गावातला शिंपी नायक आहे. तेलुगू ‘हनुमान’मधला (२०२४) नायकही खेड्यातलाच तरुण. मल्याळम ‘लोका’ने (२०२५) केरळच्या यक्षिणीच्या लोककथेवर सुपरहीरो स्त्री उभी केली. हिंदीतल्या महागड्या चित्रपटांच्या मानाने हे चित्रपट कमी खर्चात झाले. त्यांनी मार्व्हलशी स्पर्धा टाळली आणि आपल्या मातीतली गोष्ट धरली. ‘कोई... मिल गया’नेही तेच केले होते : डोंगरातले छोटे गाव, आई, शाळा आणि ओंकाराच्या ध्वनीवर बेतलेला अवकाशात जाणारा संदेश.

नगर, श्रीरामपूर, संगमनेरच्या प्रेक्षकाला यातून काय?

२००३ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आता तिशी ओलांडून गेला आहे आणि अनेकांच्या घरी त्या वयाकडे झुकलेली मुले आहेत. ‘क्रिश’चे खरे भांडवल हेच. बापाने पाहिलेली गोष्ट लेकराला दाखवायची, अशी संधी हिंदी सुपरहीरो चित्रपटांत दुसरीकडे फारशी नाही.

पण हे भांडवल खर्चाच्या गणिताशी बांधलेले आहे. चित्रपट जितका महाग, तितका वसुलीचा भार पहिल्या काही दिवसांवर आणि महागड्या तिकिटांवर पडतो. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के. तिकीट दोनशे रुपये धरले, तरी चौघांच्या कुटुंबाचे आठशे रुपये दारातच जातात. खाणे आणि तालुक्याहून येण्याजाण्याचा खर्च वेगळा. सहकुटुंब पाहण्याचा चित्रपट सहकुटुंब परवडला नाही, तर मुले तो मोबाइलवर येण्याची वाट पाहतील आणि मालिकेचा पाया असलेला प्रेक्षकच थिएटरबाहेर राहील. त्यामुळे किती खर्च करायचा, हा प्रश्न केवळ निर्मात्यांचा नाही. चित्रपट कोणासाठी करायचा, हेही त्यातूनच ठरते.

पुढे काय पाहावे?

तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे लागेल. पहिली, हृतिक दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका हा दुहेरी भार कसा पेलतो. दुसरी, कथा खलनायक आणि स्फोटांकडे झुकते की रोहितच्या घराकडे परत येते. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, कृष्णाच्या मुलाला कथेत कितपत जागा मिळते. त्याला खरोखर उभे केले, तर हृतिकही राहील आणि हृतिकनंतरचा क्रिशही घडेल. दोन्ही तटांचे समाधान करणारा तोच एक रस्ता दिसतो. तो मुलगा नावापुरताच राहिला, तर पाचव्या भागाच्या वेळी हाच वाद पुन्हा होईल, आणि तेव्हा हृतिक साठीकडे झुकलेला असेल.

शाहू मोडकांनंतरही पडद्यावर कृष्ण येत राहिला, कारण तो कोणा एका नटाच्या मालकीचा नव्हता. क्रिशला तितके आयुष्य हवे असेल, तर हृतिक असतानाच त्याला दुसऱ्या चेहऱ्याची सवय लावावी लागेल.