सहा दिवसांत पाच विजय: सेवानीचा १८९९ चा हंगाम

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठाराच्या माथ्यावर सेवानी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’च्या फुटबॉल संघाने १८९९ साली १२ सामने खेळले आणि बाराही जिंकले. संघाने केले ३२२ गुण, त्याच्यावर झाले अवघे १०. अकरा सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला भोपळाही फोडता आला नाही. हा हंगाम आजही आठवला जातो तो मात्र मुख्यतः ९ ते १४ नोव्हेंबर या सहा दिवसांमुळे. या काळात संघाने तीन राज्यांतल्या पाच शहरांत पाच सामने खेळले आणि एकाही सामन्यात गुण न देता ते जिंकले.

हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्याची फळी फोडत पुढे नेण्याचा. १८९९ मध्ये तो आजच्यापेक्षा बराच वेगळा होता. चेंडू पुढच्या दिशेला फेकायला परवानगी नव्हती, ती १९०६ मध्ये मिळाली. पाच यार्ड पुढे सरकण्यासाठी तीन प्रयत्न मिळत. चेंडू गोलरेषेपार नेला की ५ गुण, त्यानंतरची लाथ खांबांमधून गेली की आणखी १, आणि चालू खेळात खांबांमधून मारलेल्या गोलालाही ५. सामना प्रत्येकी ३५ मिनिटांच्या दोन सत्रांचा असे, पण दोन्ही संघांच्या संमतीने सत्रे आखूड करण्याचीही पद्धत होती. त्या काळच्या निकालांची आजच्या निकालांशी तुलना करताना हे विसरून चालत नाही. एकदा बाहेर गेलेला खेळाडू सहसा परत येत नसे, म्हणून तेच अकरा जण चढाईही करत आणि बचावही. शिरस्त्राण बहुतेकांच्या डोक्यावर नसे. दोन्ही फळ्या एकमेकांवर आदळायच्या आणि त्या ढिगाऱ्यातून चेंडूवाल्याला त्याचेच सहकारी ढकलत, ओढत पुढे न्यायचे. अशा खेळात माणसे जायबंदी होत आणि प्रसंगी दगावतही.

विद्यापीठ एपिस्कोपल चर्चचे. दक्षिणेतल्या बिशपांनी १८५७ मध्ये ते स्थापन केले, पण यादवी युद्धात सगळे विसकटले आणि प्रत्यक्ष शिकवणे सुरू व्हायला १८६८ उजाडले. दक्षिणेतल्या गोऱ्या, बऱ्यापैकी सुस्थित घरांतली मुले इथे शिकायला येत. विद्यार्थी फार तर काही शे. कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. संघाची अंगे रगडून त्याला खेळण्याजोगा ठेवणारा कॅल बरोज मात्र कृष्णवर्णीय होता, आणि त्याच्याशिवाय नोव्हेंबरचा तो दौरा पार पडला असता असे वाटत नाही.

प्रशिक्षक बिली सुटर हा प्रिन्स्टनचा जुना खेळाडू. त्या काळी फुटबॉलचे शहाणपण ईशान्येकडच्या येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन या विद्यापीठांत आहे असे मानले जाई, आणि दक्षिणेतली विद्यापीठे तिथून प्रशिक्षक आणवत. कर्णधार हेन्री साइबल्स अलाबामातल्या माँटगोमेरीचा. पूर्ण नावापेक्षा ‘डिडी’ म्हणूनच तो जास्त ओळखला जाई. ऑर्मंड सिमकिन्स लाथेचा पक्का आणि फळीत घुसण्यातही तितकाच तयार. रिंगलँड ‘रेक्स’ किलपॅट्रिक, बार्टलेट सिम्स आणि क्वार्टरबॅक विल्यम विल्सन हे आणखी काही मोहरे. ‘वाइल्ड बिल’ क्लेबोर्न एका डोळ्याने अधू होता. हा डोळा कालच्याच सामन्यात गेला आणि आज त्याची भरपाई करायची आहे, असे तो समोरच्याला ऐकवायचा म्हणतात. गोष्ट रचलेली असेलही, पण त्या काळच्या खेळाला शोभते.

या हंगामाचे खरे डोके होते ते व्यवस्थापक ल्यूक ली याचे. हा जेमतेम विशीतला विद्यार्थी. सामने ठरवणे, यजमानांशी पैशांची बोलणी करणे, रेल्वेची तिकिटे काढणे, सगळे त्याच्याकडे. शेजारच्या नॅशव्हिल शहरातले व्हँडरबिल्ट विद्यापीठ हे सेवानीचे परंपरागत प्रतिस्पर्धी. त्यांच्यातला सामना वर्षाचा सर्वांत मोठा गल्ला जमवून देई. त्या गल्ल्याच्या वाटणीवरून दोघांचे फाटले आणि १८९९ मध्ये हा सामना झालाच नाही. तिजोरीत पडलेला खड्डा भरायचा कसा, याचे उत्तर लीने नकाशा आणि वेळापत्रक समोर ठेवून शोधले. लांबवर, मोठ्या शहरांत, यजमानांकडून हमीची रक्कम घेऊन, एकामागोमाग एक सामने. प्रवास एकदाच करायचा तर त्यात जितके बसतील तितके बसवायचे. ज्या दौऱ्याची पुढे पराक्रम म्हणून गाथा झाली तो मुळात असा जमाखर्चातून निघाला होता.

हंगामाला सुरुवात झाली २१ ऑक्टोबरला अटलांटात, जॉर्जिया विद्यापीठाला १२-० हरवून. एक दिवस सोडून त्याच शहरात जॉर्जिया टेकचा ३२-० असा पराभव. म्हणजे थोड्या दिवसांत जास्त सामने उरकायची सवय तिथूनच लागली होती. २८ तारखेला घरच्या मैदानावर टेनेसी विद्यापीठाला ४६-० आणि ३ नोव्हेंबरला साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनला ५४-०. या दोन्ही सामन्यांत चुरस अशी नव्हतीच.

त्यानंतर काही दिवसांनी वीसेक खेळाडूंचा ताफा रेल्वेने टेक्सासकडे निघाला. प्रवासासाठी झोपण्याची सोय असलेला पुलमन डबा घेतला होता. गाडी सुटल्यावर कळले की खेळायचे बूट मागेच राहिले आहेत. तारा झाल्या आणि बूट पुढच्या गाडीने मागोमाग पोहोचले. लीने सेवानीतल्या झऱ्याच्या पाण्याची पिंपेही बरोबर घेतली होती असे सांगतात. परगावचे पाणी बाधून ऐन सामन्याच्या दिवशी पोरे आडवी व्हायला नकोत, हा हिशेब. पिण्याच्या पाण्यातून येणारे आजार तेव्हा सर्रास असल्याने ही खबरदारी अगदीच अनाठायी नव्हती.

गुरुवार, ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाशी गाठ पडली. पाचही सामन्यांतले हे सर्वांत तगडे यजमान, आणि सेवानीचे खेळाडू लांबचा प्रवास करून उतरलेले. साइबल्सचे डोके फुटले. जखमेवर पट्टी चिकटवून तो खेळत राहिला, कारण एकदा बाहेर बसला तर त्या दिवसापुरता खेळ संपलाच असता. सामना १२-० असा सुटला. रात्री गाडीत बसून संघ ह्यूस्टनला पोहोचला आणि शुक्रवारी टेक्सास ए अँड एमला १०-० हरवले. पुन्हा रात्रीची गाडी, या वेळी साडेतीनशे मैलांची. शनिवारी दुपारी न्यू ऑर्लिन्समध्ये तुलेन विद्यापीठाविरुद्ध २३-०. जत्रांच्या हंगामात तमाशाचा फड रात्री गाडी हाकत रोज नव्या गावी उतरतो, तसे हे चालले होते. फरक इतकाच की इथे प्रत्येक मुक्कामी ताज्या दमाचे अकरा जण आडवे पाडायला टपलेले असत.

डब्यात झोपायला मिळे ते तुकड्यातुकड्यांनी. त्याआधी बरोज एकेकाला पालथे घालून अंग रगडायचा, ठणकणारे पाय आणि खांदे मोकळे करायचा, कुठे सूज आली आहे ते पाहायचा. दुसऱ्या दिवशी कोण उतरू शकेल याचा अंदाज इथेच येत असणार. ताफ्यात माणसे वीसेक असली तरी खरा भार डझनभर खेळाडूंवरच होता.

रविवार विश्रांतीचा. चर्चच्या संस्थेने त्या दिवशी सामना खेळण्याचा प्रश्नच नव्हता. खेळाडूंनी लुइझियानातला एक उसाचा मळा पाहिला. सोमवारी, १३ तारखेला, बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटचा ३४-० असा फडशा पाडला. तुलेन आणि लुइझियाना स्टेट हे दोन्ही संघ त्या वर्षी दुबळे होते, हे दौऱ्याचे गोडवे गाताना बहुधा गाळले जाते. पण चौथ्या सामन्यापर्यंत थकलेला संघ दुबळ्यांकडूनही मार खातो, आणि इथे गुणांची संख्या उलट वाढली होती. मंगळवारी मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठाला १२-० नमवून दौरा संपला. पाच सामन्यांत ९१ गुण केले, दिला एकही नाही. रेल्वेचा प्रवास सुमारे अडीच हजार मैलांचा, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या घरात.

परतल्यावर २० नोव्हेंबरला घरच्या मैदानात कंबरलँडला ७१-० चिरडले. हंगामातला हा सर्वांत मोठा विजय आणि सर्वांत कमी महत्त्वाचा.

हंगामाची कसोटी लागली ती ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी माँटगोमेरीत. समोर ऑबर्नचा संघ होता आणि त्याचा प्रशिक्षक जॉन हाइझमन, ज्याच्या नावाने आज महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार दिला जातो. हाइझमनचे खेळाडू एक चाल संपते न संपते तोच दुसरी लावत, प्रतिस्पर्ध्याला फळी नीट उभी करायलाही सवड मिळत नसे. दणकट, संथ फळ्यांची सवय असलेल्या सेवानीला हा वेग पेलेना. त्या वर्षी सेवानीवर गुण चढवणारा ऑबर्न हा एकमेव संघ, आणि त्यांनी एक-दोन नव्हे, दहा चढवले. सेवानीचे झाले ११. गोलरेषेनंतरच्या एका लाथेची किंमत तेव्हा एक गुण होती आणि तेवढाच फरक राहिला. मैदानावर वरचष्मा ऑबर्नचा होता असे अनेकांचे मत पडले. पंचांच्या निर्णयांवर हाइझमन इतका चिडला की त्याने बर्मिंगहॅमच्या वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर तक्रार केली. एका सदोष निकालाने हा अजिंक्य हंगाम वाचला की जिद्दीने, यावर तेव्हा वाद झाला आणि तो मिटण्यासारखाही नव्हता. टेक्सासचा दौरा गाजला खरा, पण हंगाम हातचा जाण्याची वेळ आली ती माँटगोमेरीतच.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी लढत झाली. दक्षिणेचे अजिंक्यपद कोणाचे, हा प्रश्न या सामन्यावर येऊन ठेपला होता. किलपॅट्रिकने लाथेने साधलेला एक गोल, त्याचे ५ गुण, आणि बाकी दोन्हीकडून बचावच बचाव. ५-० असा हंगामातला सर्वांत कमी गुणांचा विजय मिळवून सेवानीने बारावा सामना खिशात घातला.

हा संघ देशात पहिला होता का, याचे उत्तर मिळणे शक्य नाही. सेवानीने उत्तरेतल्या एकाही मोठ्या संघाशी सामना केला नाही. त्याच वर्षी हार्वर्ड १० विजय आणि येलशी एक बरोबरी अशा खात्यावर अजिंक्य राहिले, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मान पुढे बहुतेक जाणकारांनी त्यांनाच दिला. तेव्हाचे क्रमवारी लावणारे लेखक दक्षिणेकडे फारसे पाहतही नसत. सेवानीचा दावा खरे तर वेगळ्याच गोष्टीवर टिकतो. सहा दिवसांत पाच सामने पुन्हा कोणी खेळणार नाही, कारण पुढच्या काळात विश्रांतीशिवाय संघ उतरवणे मान्यच राहिले नाही. १९०५ च्या हंगामातल्या मृत्यूंवरून गदारोळ उठला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि पुढच्या वर्षीपासून नियम बदलू लागले.

संघातली मंडळी पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली. ल्यूक लीने १९०७ मध्ये नॅशव्हिलमध्ये ‘टेनेसियन’ हे वृत्तपत्र काढले आणि १९११ मध्ये तो अमेरिकेच्या सिनेटवर गेला. पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९ मध्ये, हॉलंडात आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला पळवून आणण्याचा उद्योगही त्याने करून पाहिला आणि तो फसला. पुढे बँकेच्या व्यवहारांतल्या खटल्यात त्याला तुरुंगवासही भोगावा लागला. क्लेबोर्न धर्मगुरू झाला. साइबल्सची निवड १९७३ मध्ये कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये झाली. सिमकिन्सला मात्र खेळाची किंमत शरीराने चुकवावी लागली. मैदानावरच्या दुखापतींतून उद्भवलेल्या त्रासाने त्याचे दोन्ही पाय कापावे लागले.

विद्यापीठाचे दिवस मात्र फार काळ तसे राहिले नाहीत. मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे विद्यार्थी आणि पैसा वाढत गेला, डोंगरावरचे हे छोटे विद्यापीठ मागे पडले. १९३२ मध्ये ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ ही विद्यापीठ संघांची साखळी स्थापन झाली तेव्हा सेवानी तिच्या संस्थापक सदस्यांत होते. १९४० मध्ये ते बाहेर पडले तोवर कॉन्फरन्समधले ३७ सामने खेळून झाले होते आणि त्यातला एकही त्यांना जिंकता आलेला नव्हता. त्या कॉन्फरन्समध्ये टेनेसी, जॉर्जिया, लुइझियाना स्टेट, ऑबर्न असे १८९९ मध्ये हरवलेले बरेच संघ होते. आता सेवानीचा संघ क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो.